कंसाबाहेरचा वजा

जॉर्ज टाउन, चेन्नई
१८ जानेवारी २०२५

प्रिय जयंती,

इकडं माझं बरं चाललंय, तिकडं तुझं, आईचं आणि आप्पांचंही बरं चाललं असेल असं धरून लिहायला बसलोय. पत्र बघून तुला नवल वाटेल. लग्नाला दीड वर्ष झालं, पण मी तुला एक ओळ कधी लिहिली नाही. फोनवर तू 'हं' म्हणतेस आणि लगेच आईकडं देतेस. आई म्हणते, ती भाकरी करतेय. दुपारी तीन वाजता कसल्या भाकरी, ते मी काही विचारलं नाही.

पोंगलची चार दिवस सुट्टी झाली. सोनं गाळायची भट्टी बंद, तेजाबाचा वास नाही, त्यामुळं खोकला कमी आहे. खोलीत आम्ही पाच जण. बाकीचे पत्ते खेळत बसले, पण मला एका जागी बसवत नाही हे तुला माहीत आहे. दोन दिवस बंदराच्या बाजूला नुसता चालत होतो. मालकांनी सगळ्यांना एकेक वेष्टी दिली. आपल्याकडं लुंगी म्हणतील, पण हिला जरीचा काठ आहे. मी नेसून बघितली आणि ठेवून दिली.

आई म्हणाली, तुझ्या शिकवणीला आता दोनच पोरं येतात. दिवाळीआधी चौदा होती. शाळेत गणिताचे सर बदलून गेल्यापासून जागा रिकामीच, मग पोरं दुसरीकडं जाणार तरी कुठं, असं मला वाटलं. आई म्हणते, आता शेतात मदत होते, बरंच झालं. तुला काय वाटतं ते तिनं सांगितलं नाही आणि तू तर बोलतच नाहीस.

दिवाळीत आपलं जरा बोलणं झालं होतं, त्याबद्दल एक गोष्ट सांगायची आहे. गंमतच झाली.

दर शनिवारी मालक मला मैलापूरला पाठवतात. तिथल्या एका सराफाच्या दुकानातला सोन्याचा चुरा आणि झाडलोटीची धूळ आम्ही गाळायला आणतो. बीच स्टेशनवरून गाडी मिळते. दुकानाचं सगळं बालाजीराव म्हणून एक म्हातारे बघतात. ते तंजावरकडचे मराठी. कित्येक पिढ्या तिकडंच गेल्या, तरी घरात मराठीच बोलतात, फक्त ती ऐकताना कुणीतरी जुनी पोथी वाचतंय असं वाटतं. पहिल्या दिवशी मी फोनवर आईशी बोलत होतो, ते ऐकून ते म्हणाले, "अरे, तूं आमचाच की रे. कोठचा?" तेव्हापासून माल बांधून होईपर्यंत मी वरच्या मजल्यावर त्यांच्या घरी बसतो. कॉफी मिळते.

त्यांच्या बायकोला सगळे सीतालक्ष्मी मामी म्हणतात. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवून रिटायर झाल्या. दुपारी घरातच सात-आठ मुलांना शिकवतात, तमिळमध्ये. मागच्या शनिवारी त्यांनी फळ्यावर एक उदाहरण घातलं होतं. बघितलं तर ते तुझंच, दिवाळीत फळ्यावर होतं ते. आकडेसुद्धा तेच.

(5x + 3) − (2x − 4)

मामींनी उत्तर लिहिलं 3x + 7. मी बोलून गेलो, "मामी, चुकलं. 3x − 1 पाहिजे." मुलं माझ्याकडं बघायला लागली. मामी रागावल्या नाहीत. "असें कां? शरी. ये, तूंच करून दाखव," म्हणून खडू माझ्या हातात दिला. शरी म्हणजे बरं.

मी केलं. पाचातून दोन गेले तीन, तिनातून चार गेले वजा एक. मामी म्हणाल्या, "आतां x च्या जागीं दहा घाल." घातले. पहिला कंस त्रेपन्न, दुसरा सोळा. त्रेपन्नातून सोळा गेले सदतीस. मामींच्या उत्तरात दहा घातले तर तीस आणि सात, सदतीस. माझ्यात घातले तर एकोणतीस.

मी ते दोनदा करून बघितलं. एकोणतीसच.

मामी म्हणाल्या, कंसाबाहेर वजा असला की तो आतल्या एकट्या पहिल्यालाच लागत नाही, सगळ्यांना लागतो. आतल्या वजा चाराचे बाहेर येताना अधिक चार होतात. म्हणजे तुझंच बरोबर होतं म्हण. पण तू पण त्या दिवशी जरा नीट समजावून सांगितलं असतंस, तर एवढं वाढलं नसतं. असो. झालं ते झालं.

मामींनी तुझ्यासाठी एक कागद लिहून दिलाय, तो सोबत पाठवतोय. त्यांना मराठी बोलता येतं पण लिहिता येत नाही, म्हणून इंग्रजीत आहे. त्यात उदाहरण नीट मांडून दाखवलंय. तुझ्या कामाला येईल.

आईच्या गुडघ्याला तेल लावत जा. फोनवर थोडं बोल.

तुझा
जालिंदर


जॉर्ज टाउन, चेन्नई
९ फेब्रुवारी २०२५

जयंती,

तुझं पाकीट बुधवारी मिळालं. मालकांनी सगळ्यांसमोर हातात दिलं आणि म्हणाले, "काय रे, बायकोचं पत्र? आता कामात लक्ष लागायचं न्हाई." सगळे हसले, मीही हसलो. जिन्यात जाऊन उघडलं.

आत मामींचाच कागद परत आला होता. त्याच्याखाली निळ्या शाईत तुझं अक्षर. मायना नाही, सही नाही. मी ते इतक्या वेळा वाचलंय की न बघता लिहून दाखवू शकतो:

"तुम्हाला हे वाचता आलं नसेल म्हणून मराठीत देते. 'प्रिय जयंती, तुझा नवरा सांगतो की हे तूच त्याला असं शिकवलंस. वाईट वाटून घेऊ नकोस, नव्या शिक्षकांची ही चूक नेहमी होते. मात्र मुलांना शिकवण्याआधी स्वतः दोनदा करून पाहत जा.'"

आणि त्याच्याखाली एक उदाहरण. (8x − 5) − (3x − 9). बस.

मी तो कागद माझ्या हातानं घडी घालून पाकिटात ठेवला होता. चिकटवताना एवढंच बघितलं की आकडे नीट दिसतायत. बाकीच्या ओळी म्हणजे काहीतरी नमस्कार-चमत्कार असतील, असं वाटलं.

आता खरं लिहितो. मागच्या पत्रात जे गाळलं होतं, ते आधी.

सदतीस आणि एकोणतीस फळ्यावर शेजारी शेजारी दिसत होते तेव्हा मामींनी विचारलं, "कोणी शिकविलें तुज असें?" सात-आठ मुलं माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणालो, माझी बायको गावात शिकवणी घेते, तिनंच सांगितलं. विचार करून नाही बोललो, तोंडातून गेलं. मामी म्हणाल्या, "अय्यो, मग त्या मुलांचें काय?" आणि लगेच कागद घेऊन तुला लिहायला बसल्या. मी समोर बसून कॉफी पीत होतो.

दुसरं. मी बारावी सायन्स नाही. दहावीही नाही. मी सहावी पास आहे आणि सातवीतून पळालोय. लग्न ठरवताना माझ्या मामांनी तुझ्या आण्णांना सांगितलं की पोरानं चेन्नईत नोकरी करून बाहेरून बारावी केली. मी तिथंच बसलो होतो. तुला अठ्ठ्याहत्तर टक्के होते, आण्णा ते दोनदा बोलले. मी तोंड उघडलं असतं तर चहाही आणि लग्नही तिथंच थांबलं असतं, म्हणून उघडलं नाही. मग आईनं तेच गावभर केलं. आईलाही खरं माहीत आहे, पण सारखं तसं सांगून तिला आता तेच खरं वाटतं. तुला कधी कळलं माहीत नाही. मला वाटतं, लवकरच कळलं असावं. बँकेचा फॉर्म तू भरून माझ्यापुढं फक्त सहीला ठेवायचीस आणि कुठं करायची तिथं बोट ठेवायचीस. ते तू मला लाज वाटू नये म्हणून करत होतीस, हे मला आत्ता लिहिताना समजतंय.

तिसरं म्हणजे दिवाळी. तू तिथं होतीस, तुला सगळं माहीत आहे, तरी मी लिहितो. कारण मागच्या पत्रात मी त्याला 'जरा बोलणं झालं' म्हणालो.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ओसरीवर तुझी चौदा पोरं बसली होती. बाबासो तात्या नातीला सोडायला आले होते. मी नवा शर्ट घालून बाहेर आलो. आपल्याकडं सोनं गाळणारा गलाईवाला गावाला आला की त्याला पुढं बसवतात, काय म्हणतोस, कसं काय विचारतात, ट्रॅक्टर कुठला घ्यावा तेसुद्धा विचारतात. तात्यांनी मला तसं काही विचारलं नाही. ते म्हणाले, "जालिंदर, तुझी बायको म्हंजे या गावाचं नशीब हाय. आमची पोरगी गणिताला भ्यायची, आता जेवताना बोटं मोजत आकडं करती. तू तिकडं भट्टीवर मूस हलवतोस त्यापेक्षा हिचं काम मोठं." ते कौतुकानंच म्हणाले. पण मूस हलवतोस हे माझ्या डोक्यात बसलं.

मग मी फळ्याकडं बघितलं आणि म्हणालो, "ह्ये चुकलंय." मला खरंच तसं वाटत होतं. सातवीत गुरुजींनी मला हेच गणित फळ्यावर करायला लावलं होतं. मी असंच केलं होतं, तिनातून चार गेले वजा एक. गुरुजी काही न समजावता म्हणाले, उभा राहा. सगळा तास उभा होतो आणि वर्ग हसत होता. पुढच्या आठवड्यात मी चुलत्याबरोबर चेन्नईला आलो. अकरा वर्षं मी हेच धरून बसलो की माझं बरोबर होतं आणि गुरुजींनी मला उगाच उभं केलं.

तू हळूच म्हणालीस, "अहो, कंसातल्या सगळ्यांची चिन्हं बदलतात." हळूच, पोरांना ऐकू जाऊ नये अशी. मग म्हणालीस, "दहा घालून बघा ना, लगेच कळेल." तू मला मोकळं व्हायला जागा करून देत होतीस. मी तळहातानं फळा पुसला. "बारावी सायन्स मी हाय का तू?" म्हणालो. मोठ्यानं 3x − 1 लिहिलं आणि पोरांना म्हणालो, वहीत घ्या. त्यांनी घेतलं. तात्या म्हणाले, "जालिंदर म्हणतोय म्हंजे तसंच असंल, मोठ्या शहरात राहतोय त्यो." तू पोरांना "आज एवढंच" म्हणालीस आणि आत गेलीस.

रात्री जेवताना मी दोन वेळा भात मागून घेतला. मला चांगलं वाटत होतं. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय.

पोरं का गेली ते आता मला आईला विचारायची गरज नाही. नवराच म्हणतो बाईला येत नाही, तर आपलं पोर कोण पाठवेल.

काल शनिवार होता. मैलापूरला गेल्यावर आधी वर गेलो. मुलं बसली होती. मामींना म्हटलं, ती चूक बायकोची नाही, माझी. तिचं बरोबर होतं, मीच तिला सगळ्यांसमोर खोटं पाडलं आणि तुमच्याशीही खोटं बोललो. मामींनी खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आणि मीं तीस काय लिहिलें? दोनदां करून पाहत जा, असें." त्यांनी चष्मा काढला. "क्षणभर थांबलें नाहीं लिहितांना. तुझ्यावर विश्वास ठेविला." मग कॉफी न देता मुलांकडं वळल्या. मी खाली येऊन माल घेतला आणि स्टेशनवर आलो. दोन गाड्या गेल्या तरी चढलो नाही.

तुझं उदाहरण सोडवलंय. मामींना नाही विचारलं, कुणालाच नाही. पहिल्यांदा हात सवयीनं 5x − 14 लिहून मोकळा झाला. दहा घालून बघितलं: पहिला कंस पंचाहत्तर, दुसरा एकवीस, राहतात चोपन्न. माझे येत होते छत्तीस. मग सगळं खोडून पुन्हा केलं. 8x − 5 − 3x + 9. म्हणजे 5x + 4. दहा घातले की चोपन्न.

या पाकिटात आणखी एक कागद आहे. तो तुझ्यासाठी नाही, तुझ्या चौदा पोरांसाठी आहे. ती दोन आणि जी येत नाहीत ती बारा, सगळ्यांना एकदा ओसरीवर बोलव. बाबासो तात्यांनाही. तू वाचू नकोस, तात्यांच्या नातीला वाचायला दे, म्हणजे कुणी म्हणणार नाही की तूच लिहून आणलंस. आईला मी फोनवर सांगणार होतो. तीन वेळा लावला आणि जेवलीस का, इथंच थांबलो. पण तिला हे सगळ्यांबरोबर कळू नये, म्हणून हे पत्र तुझ्या हातात पडायच्या आधी सांगीन. आण्णांना वेगळं लिहिलंय, ते आजच टाकतो.

तुला नको वाटलं तर वाचायला लावू नकोस, असं इथं एक वाक्य मी लिहिलं होतं. ते खोडलंय, तुला दिसत असेल. वाचायला लाव. एप्रिलला पोरांची परीक्षा आहे आणि त्यांच्या वहीत अजून माझं उत्तर आहे.

मी पाडव्याला येतो. तू ओसरीवर शिकवत असलीस तर मागच्या दारानं येईन.

जालिंदर


(हा कागद मुलांसाठी)

९ फेब्रुवारी २०२५

बाईंच्या सगळ्या मुलांना आणि समोर बसलेल्या मोठ्या माणसांना,

माझं नाव जालिंदर. मी बाईंचा नवरा. दिवाळीत मी तुमच्या फळ्यावर आलो होतो, ते तुम्हाला आठवत असेल. त्या दिवशी बाईंनी लिहिलेलं बरोबर होतं. मी पुसून जे लिहिलं ते चूक होतं. तुम्ही वहीत घेतलं असेल तर त्याच्यावर आत्ता काट मारा. मी थांबतो. वाचणाऱ्यानंही थांबावं.

आता त्याच्याखाली लिहा:

(5x + 3) − (2x − 4)
= 5x + 3 − 2x + 4
= 3x + 7

वजा चारचं अधिक चार का होतं, ते मी माझ्या कामातून सांगतो, कारण मला दुसरं काही येत नाही. आम्ही सोनं गाळून त्याचे दाणे करतो आणि पुड्या बांधतो. प्रत्येक पुडीत दाणे सारखेच. समजा माझ्यापुढं पाच पुड्या आणि तीन सुटे दाणे आहेत. मालक म्हणाले, यातल्या दोन पुड्या गिऱ्हाईकाला दे, पण चार दाणे कमी करून. मी दोन पुड्या उचलतो, त्यातले चार दाणे काढून माझ्या सुट्या दाण्यांत टाकतो आणि पुड्या देतो. माझ्याकडं तीन पुड्या राहिल्या. सुटे दाणे आधी तीन होते, आता सात झाले. कमी देणाऱ्याकडं जास्त उरतं. हे मी रोज हातानं करतो, तरी फळ्यापुढं उभा राहिल्यावर मला ते दिसलं नाही, कारण मला शिकायचं नव्हतं, जिंकायचं होतं.

उत्तर बरोबर आहे का, ते मोठ्या माणसाला विचारू नका. x च्या जागी दहा घाला आणि दोन्हीकडं सारखं येतं का बघा. हे मी शोधलेलं नाही, बाईंनीच त्या दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

तात्या, तुम्ही म्हणालात ते खरं होतं. माझ्या शब्दावर विश्वास ठेवलात, तो मी फुकट घालवला. पोरीला शिकवणीला परत पाठवा. बाकीच्या आईबापांनाही माझं हेच हात जोडून सांगणं आहे.

मला गावात सगळे जे समजतात, ते मी नाही. कुणी विचारलं तर बाईंना उत्तर द्यावं लागू नये, म्हणून खाली स्वतःच लिहितो.

आपला,
जालिंदर
शिक्षण सहावी पास. सातवीला बीजगणित समजलं नाही म्हणून शाळा सोडली.